आडनावाचं क्रियापद

१९८१ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा क्रिकेट संघ भारतात यायचा होता आणि तो येतो की नाही याचीच चर्चा चालली होती. संघातल्या दोघांचे वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी क्रिकेटचे लागेबांधे होते. एक जेफ कुक आणि दुसरा जेफ्री बॉयकॉट. दिल्लीच्या सरकारने भुवया उंचावल्या. पुढे त्या दोघांनी वर्णभेदाला आपला विरोध असल्याचं जाहीर केलं, इंदिराबाईंच्या सरकारने हिरवा कंदील दाखवला आणि दौरा पार पडला. पण मधले काही दिवस 'बॉयकॉट आला तर बॉयकॉट' अशी मजेशीर अवस्था होती. आमच्या वाड्यात रेडिओभोवती जमणाऱ्यांमध्ये एक निवृत्त मास्तर असत. ते म्हणाले, "अरे, त्याच्या आडनावातच बहिष्कार आहे, सरकार तरी काय करणार?"

मास्तरांसारखीच माझीही समजूत होती की शब्द आधीचा आणि आडनाव त्याच्यापुढे योगायोगाने येऊन उभं राहिलेलं. पुष्कळ वर्षांनी कळलं की गाडी उलटी आहे. आडनाव आधीचं आहे, शब्द मागाहून आला. इतका मागाहून, की तो कुठल्या गावात आणि साधारण कुठल्या महिन्यात जन्मला हेही सांगता येतं. शब्दांच्या बाबतीत असं भाग्य विरळा. आपल्या 'वाळीत टाकणं' या शब्दाची जन्मतारीख कोण सांगेल?

ज्याच्यावरून शब्द पडला तो बॉयकॉट यॉर्कशायरचा फलंदाज नव्हे. त्याचं पूर्ण नाव चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. जन्म १२ मार्च १८३२, इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या बर्ग सेंट पीटर नावाच्या खेड्यात. घराणं पाद्र्यांचं. आडनावाचा मूळ उच्चार 'बॉयकॅट'. चार्ल्स नऊ वर्षांचा असताना घरच्यांनी त्यातलं एक अक्षर बदलून 'बॉयकॉट' केलं. पोराला शिपाईगिरीचं वेड होतं. वूलिचच्या लष्करी शाळेत गेला, परीक्षेत गचकला, बाहेर पडला. पण त्या काळी इंग्लंडच्या पायदळात अधिकाऱ्याची जागा विकत मिळत असे. घरच्यांनी ४५० पौंड मोजले आणि ३९ व्या पलटणीत त्याला चिकटवून दिलं. पलटण आयर्लंडला गेली. तिथे हा आजारी पडला, प्रेमात पडला, ॲन डन नावाच्या आयरिश मुलीशी लग्न केलं आणि नोकरी सोडून दिली. कप्तान तो कधी झालाच नाही. लोक 'कॅप्टन' म्हणत, कारण गावाकडे घोड्यावर बसणाऱ्या, मिशा पिळणाऱ्या माणसाला काहीतरी म्हणावं लागतंच. त्यानेही कधी नको म्हटलं नाही.

पश्चिमेला, अटलांटिकच्या तोंडाशी ॲकिल नावाचं बेट आहे. तिथे त्याने बरीच वर्षं शेती केली. मग १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला मेयो परगण्यात, लॉख मास्क नावाच्या सरोवराच्या काठी, लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी म्हणून तो येऊन राहिला. अर्नची आयर्लंडभर चाळीस हजार एकरांवर जमीन होती. मेयोतला तुकडा त्या मानाने किरकोळ, दोन हजार एकरांच्या आसपास. कारभाऱ्याचं काम सोपं. पस्तीस-चाळीस कुळांकडून खंड वसूल करायचा, त्यातले दहा टक्के आपले ठेवायचे, बाकी मालकाला पाठवायचे. शिवाय त्याने स्वतःही मोठी जमीन खंडाने घेतली होती आणि त्यावर मजूर लावून पीक काढत होता.

माणूस क्रूर नव्हता, असं म्हणायला जागा आहे. त्याच्यापेक्षा वाईट कारभारी आयर्लंडमध्ये शेकड्यांनी होते. पण तो हिशेबी आणि कटकट्या होता. फाटक उघडं राहिलं, दंड. कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या, दंड. त्या रानातून सरपण उचलायची जुनी मुभा होती, ती बंद. मोठा अन्याय माणसं कधीकधी नशीब म्हणून गिळतात. कोंबडीचा दंड मात्र विसरत नाहीत. मेयोतल्या लोकांनीही तो लक्षात ठेवला.

या दंडांमागे पस्तीस वर्षांचं दुखणं होतं. १८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर रोग पडला. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि तापाने मेली आणि त्याहून अधिक जहाजात बसून परागंदा झाली. जमीन बहुतेक इंग्रजी वळणाच्या प्रॉटेस्टंट जमीनदारांची, कसणारी कुळं कॅथलिक. कुळाचा हक्क वर्षावर्षाचा. बांध घातला, निचरा केला, गोठा बांधला, तर जमिनीची किंमत वाढली म्हणून पुढच्या साली खंड वाढणार. थकला तर बेदखल. १८७७ ते १८७९ ही तीन वर्षं पुन्हा वाईट गेली. पावसाने बटाटा कुजला आणि अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त धान्याने उरल्यासुरल्या मालाचा भाव पाडला. मेयोत पुन्हा १८४५ ची आठवण निघू लागली.

त्याच मेयोत स्ट्रेड नावाच्या गावी मायकेल डॅव्हिट जन्मला होता. चार वर्षांचा असताना त्याच्या आईबापांना घरातून काढलं गेलं. कुटुंब लँकेशायरला गेलं. अकरा वर्षांच्या मायकेलचा उजवा हात कापडगिरणीच्या यंत्रात गेला. मोठेपणी तो क्रांतिकारकांच्या गुप्त मंडळीत शिरला, सात वर्षं तुरुंगात काढून परत आला आणि त्याच्या ध्यानात आलं की बंदुकीपेक्षा जमीन हा प्रश्न लोकांना जवळचा आहे. २१ ऑक्टोबर १८७९ रोजी कॅसलबारच्या इम्पीरियल हॉटेलात लँड लीग स्थापन झाली. अध्यक्ष केलं चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेलला. पार्नेल स्वतः जमीनदार आणि प्रॉटेस्टंट, पार्लमेंटचा सभासद, बोलायला थंड. डॅव्हिटचा एक हात आणि पार्नेलची थंड जीभ यांनी पुढची दोन वर्षं लंडनची झोप उडवली.

१९ सप्टेंबर १८८० ला एनिस गावी पार्नेलची सभा झाली. शेजाऱ्याला बेदखल करून मोकळी झालेली जमीन जो दुसरा शेतकरी घेतो, त्याचं काय करायचं, असा सवाल त्याने गर्दीला टाकला. गर्दीतून आवाज आला, गोळी घाला. पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला, ख्रिस्ती माणसाला शोभेलसा मार्ग आहे. आणि मग त्याने तो उलगडून सांगितला. रस्त्यात भेटला तर पाहू नका, दुकानात भेटला तर बोलू नका, बाजारात, देवळात, सगळीकडे त्याला एकटा सोडा, जुन्या काळी महारोग्याला सोडत तसा. रक्त सांडायचं नाही. बोलायचंच नाही.

हे औषध त्याने सांगितलं होतं ते जमीन बळकावणाऱ्या शेतकऱ्यासाठी, म्हणजे आपल्यातल्याच फितुरासाठी. तीन दिवसांनी मेयोत ते भलत्याच माणसाला लागू झालं.

त्या साली अर्नने खंडात दहा टक्के सूट दिली होती. कुळांनी पंचवीस मागितली. अर्न नाही म्हणाला. बॉयकॉटने अकरा कुळांविरुद्ध बेदखलीचे कागद काढले. २२ सप्टेंबरला बेलिफ निघाला, सोबत सतरा पोलीस. तीन घरी नोटिसा बजावून झाल्या. चौथं घर फिट्झमॉरिस नावाच्या बाईचं. तिने कागद घ्यायला नकार दिला आणि लाल फडकं हवेत फिरवलं. ती खूण होती. आसपासच्या बाया धावत आल्या, हाताला लागेल ते घेऊन. दगड, चिखल आणि शेण. मी मुद्दाम सांगतो, शेण. एवढ्या मोठ्या राज्यकारभाराचा कागद घेऊन आलेला बेलिफ आणि त्याचे सतरा हत्यारबंद पोलीस शेणाने माखून बॉयकॉटच्या बंगल्याकडे पळाले. पुढच्या काळात पुरुषांनी सभा घेतल्या, ठराव केले, पुस्तकं लिहिली. पण सुरुवात त्या बायांची.

दुसऱ्या दिवशी जवळच्या बॅलिनरोबहून माणसं बंगल्यावर आली आणि नोकरचाकरांना म्हणाली, काम सोडा. बहुतेकांनी सोडलं. काही भीतीने, काही मनापासून. दोन्हींच्या मधली रेषा अशा वेळी कोण दाखवणार? शेतावर धान्य, बटाटे, सलगम उभे आणि हात लावायला माणूस नाही. लोहाराने घोड्याच्या नाला मारायला नकार दिला. धोबीण कपडे नेईना. डाकेचं पोरगं येईना. कप्तानाच्या पुतण्याने टपाल आणायचं अंगावर घेतलं, तर त्यालाही दम मिळाला. बॅलिनरोबच्या दुकानदारांनी माल देणं बंद केलं, तेव्हा लांबच्या गावाहून सरोवरातून होडीने किराणा येऊ लागला. बंगल्यात माणसं होती ती कप्तान, त्याची बायको आणि पाहुणे. घोड्यांची निगा, गायींच्या धारा, सगळं त्यांच्याच गळ्यात. कप्तान बाहेर पडला की मागे-पुढे पोलीस. वाटेत भेटणारी माणसं त्याच्याकडे न पाहता निघून जात.

हे वाचताना मराठी माणसाला शिरूर तालुक्यातलं करडे आठवायला हवं. लॉख मास्कच्या सहा वर्षं आधीची गोष्ट आहे. डिसेंबर १८७४ मध्ये कालूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडलं. गाव पेटलं, पण आधी हातात पलिता घेऊन नव्हे. गावाने ठरवलं की सावकारांच्या दुकानातून काही घ्यायचं नाही, त्यांच्या जमिनी कसायच्या नाहीत, घरी चाकरी करायची नाही. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार, सगळ्या बलुतेदारांनी हात आखडले. एकटे पडलेले सावकार तालुक्याच्या गावी पळायला निघाले तर बैलगाडी हाकायला माणूस मिळेना. ही लाट पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या आणखी गावांत गेली आणि मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात तिचं दंग्यात रूपांतर झालं. मग वह्या जळाल्या, खतं जळाली. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये, लँड लीग स्थापन झाली त्याच साली, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला.

म्हणजे हत्यार तेच, मुठीसकट तेच. न्हावी नाही, लोहार नाही, गाडीवान नाही. करड्याचा गाडीवान आणि बॅलिनरोबचा दुकानदार यांची एकमेकांना गंधवार्ता नव्हती. तरी जगाच्या शब्दकोशात 'करडे' नाही आणि 'बॉयकॉट' आहे. का? याचं उत्तर एका जेवणाच्या टेबलापाशी सापडतं.

बॉयकॉटच्या शेजारी नील नावाचं गाव आहे. तिथल्या कॅथलिक पाद्र्याचं नाव फादर जॉन ओ'मॅली. लोकांच्या बाजूचा माणूस. त्यांच्याकडे जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकन वार्ताहर जेवायला होता. जन्माने ब्रिटिश, तरुणपणी अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध लिहिलेला, आता आयर्लंडची बातमी न्यूयॉर्कला पाठवणारा. जेवताना तो घास घेईना. पाद्र्यांनी विचारलं, काय झालं? रेडपाथ म्हणाला, एक शब्द छळतोय. जमीन बळकावणाऱ्या शेतकऱ्याला लोक एकटं पाडतात त्याला आपण धर्मबहिष्काराचा शब्द वापरतो. पण जमीनदाराला किंवा त्याच्या कारभाऱ्याला एकटं पाडलं तर त्याला वेगळाच शब्द हवा. ग्रीकांकडून आलेला 'ऑस्ट्रसिझम' आहे, पण तो इथल्या शेतकऱ्याला कळणार नाही. ओ'मॅलींनी खाली मान घातली, कपाळावर बोट वाजवलं आणि विचारलं, त्याला 'बॉयकॉट करणं' म्हटलं तर?

ही हकीकत रेडपाथनेच लिहून ठेवली आहे आणि पुढे डॅव्हिटनेही शब्दाचं श्रेय ओ'मॅलींना दिलं आहे. या हकीकतीत मला मोठी गोष्ट वाटते ती कपाळावरचं बोट नव्हे, तर रेडपाथची अडचण. त्याच्याकडे शब्द होता. चर्चने शतकानुशतकं वापरलेला, गावाने आपल्यातल्याच माणसावर चालवलेला. पण तो शब्द वरून खाली किंवा फार तर आडवा जाणारा होता. खालच्यांनी वरच्याला वाळीत टाकलं तर त्याला काय म्हणायचं, हे भाषेत ठरलेलं नव्हतं, कारण तसं सहसा घडतच नव्हतं. घडलं की वार्ताहराचा घास अडतो. करड्यात मात्र वार्ताहर जेवायला नव्हता, आयोग आला तो वर्षभराने, इंग्रजीत टिपणं घेत.

दुसरं कारण कप्तान स्वतः. १८ ऑक्टोबरच्या 'टाइम्स'मध्ये त्याचं पत्र छापून आलं. आपली गत काय झाली आहे, नोकर कसे पळाले, पीक कसं सडतंय, याची सगळी कैफियत त्यात होती. एका खेड्यातल्या भांडणाला त्याने लंडनच्या सगळ्यात वजनदार वर्तमानपत्रात जागा मिळवून दिली. करड्याच्या कालूरामला हे जमलं नसतं. बॉयकॉट गप्प बसून डब्लिनला निघून गेला असता तर त्याचं आडनाव आज बर्ग सेंट पीटरच्या दगडांवरच राहिलं असतं.

पत्र वाचून अल्स्टरच्या प्रॉटेस्टंटांचं रक्त उसळलं. वर्तमानपत्रांनी वर्गणी सुरू केली. शेकडो हत्यारबंद स्वयंसेवक मेयोवर स्वारी करायला निघतो म्हणाले. डब्लिन कॅसलमध्ये बसून आयर्लंडचा कारभार पाहणाऱ्या फॉर्स्टरसाहेबाला घाम फुटला. शेवटी पन्नास माणसांवर तडजोड झाली, पंचवीस कॅव्हनची आणि पंचवीस मोनाहनची. खुद्द कप्तानाचं म्हणणं होतं की दहा-पंधरा मजूर पुरेत. पण आता प्रश्न सलगमांचा राहिलाच नव्हता.

११ नोव्हेंबरला हे पन्नासजण आगगाडीने क्लेअरमॉरिसला उतरले. पुढे बॅलिनरोबपर्यंत गाडी मिळेना, तेव्हा भर पावसात पायी चालले. त्यांच्या रक्षणाला घोडदळ, पायदळ, पोलीस, सगळे मिळून हजाराच्या घरात. ओ'मॅलींनी लोकांना सांगून ठेवलं होतं की कुणी वाटेला जाऊ नका. थोडी हुर्यो झाली, हाणामारी झाली नाही. गोष्ट अशी सांगतात की फौज जात असताना रस्त्याकडेला एकच म्हातारी उभी होती. पाद्रीबुवा तिच्यावर खेकसले, अगं, राणीसरकारच्या फौजेला घाबरवू नकोस असं मी बजावलं होतं ना?

मग लॉख मास्कच्या बंगल्याभोवती तंबू पडले. दोन आठवडे पाऊस कोसळत होता. कप्तानाची हिरवळ घोड्यांच्या टापांखाली चिखल झाली, शेकोटीसाठी त्याचीच झाडं पडली. पन्नासजणांनी बटाटे उपटले, सलगम काढले, धान्य मळलं. पीक असेल पाचशे पौंडांचं. सरकारचा खर्च दहा हजारांच्या घरात गेला. पार्नेलने हिशेब मांडला की एकेक सलगम सरकारला एकेका शिलिंगला पडलं. मला यातला हिशेबापेक्षा तो चिखल जास्त बोलका वाटतो. आपली बाग वाचवायला आलेल्यांनीच ती तुडवलेली बॉयकॉट खिडकीतून पाहत असणार. कोंबड्यांना दंड लावणारा माणूस हजार घोड्या-शिपायांना काय लावणार?

काम संपलं आणि २७ नोव्हेंबरला कप्तान, बायको आणि घरचे निघाले. भाड्याची बग्गी ठरवली होती, पण हाकायला कुणी तयार होईना. शेवटी फौजेच्या रुग्णवाहिकेत बसून ते स्टेशनावर गेले. डब्लिनमध्ये ज्या हॉटेलात उतरले त्या हॉटेलवाल्याला धमकीचं पत्र आलं, तेव्हा तिथूनही बस्तान हललं. १ डिसेंबरला ते इंग्लंडच्या बोटीत होते. (बॉयकॉट नावाचा माणूस आमच्या वानखेडेवर खेळायला उतरला तोही २७ नोव्हेंबरच, १९८१ चा. योगायोगांना काही अर्थ नसतो, पण ते सांगितल्यावाचून राहवत नाही.)

शब्द मात्र बोटीच्या पुढे धावला. नोव्हेंबर संपायच्या आत 'टाइम्स'ने तो क्रियापद म्हणून छापला, त्याच 'टाइम्स'ने ज्यात कप्तानाची तक्रार छापली होती. आधी मोठ्या अक्षराने, अवतरणचिन्हांत. मग चिन्हं गळाली, मग मोठं अक्षर गेलं. माणूस संपला आणि शब्द उरला, त्याची ही पावती. फ्रेंच, जर्मन, डच, रशियन, सगळ्यांनी आपापल्या प्रत्ययांसकट तो घेतला. ऑक्सफर्डच्या मरेसाहेबांच्या कोशात १८८० चं दशक सरायच्या आत त्याला जागा मिळाली. तिकडे आयर्लंडच्या चळवळीपायी १८८१ मध्ये ग्लॅडस्टनच्या सरकारने एका हाताने पार्नेलला तुरुंगात टाकलं आणि दुसऱ्या हाताने कुळकायदा केला, त्यात रास्त खंड आणि कुळहक्काची शाश्वती आली.

शब्द पुण्याला यायला वेळ लागला नाही. 'केसरी'चा पहिला अंक जानेवारी १८८१ चा, म्हणजे तो आणि हा शब्द जवळजवळ एकाच वयाचे. पण पुण्यात त्या हत्याराची जुनी आवृत्ती जोरात होती. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. टिळक आणि रानडे दोघेही त्या मंडळींत होते. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून टाकली आणि ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, भिक्षुक घरी येईनात, प्रायश्चित्तांची घासाघीस बराच काळ पुरली. कपभर चहापायी वाळीत टाकले गेलेले तेच टिळक पंधरा वर्षांनी, १९०५ साली, वंगभंगानंतर बहिष्काराचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते झाले. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण ही त्यांची चतुःसूत्री शाळेत आपण पाठ केलेली आहे. 'बॉयकॉट'ला मराठीत बहिष्कार हा शब्द बसला तो इतका फिट्ट, की त्याच्या आत ग्रामण्याचा वास आहे हे आपण विसरलो.

ज्यांना तो रोज येत होता ते विसरले नाहीत. डॉ. आंबेडकरांच्या १९२४ च्या सभेचं नाव बहिष्कृत हितकारिणी, १९२७ च्या पाक्षिकाचं नाव 'बहिष्कृत भारत'. मुंबई सरकारने १९२८ मध्ये स्टार्टे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली, आंबेडकर तिचे सभासद होते. अस्पृश्यांनी हक्क बजावायचा प्रयत्न केला की गाव काय करतं, ते तिने नोंदवलं. मजुरी बंद, वाण्याकडचा माल बंद, वाट बंद. लॉख मास्कची सगळी यादी, शब्दाशब्दाने, फक्त तोंड उलट दिशेला. आणि १९३० मध्ये गोलमेज परिषदेपुढे आंबेडकर आणि श्रीनिवासन यांनी जे निवेदन ठेवलं, त्यात बॉयकॉट हा शिक्षा देण्याजोगा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती. गुन्ह्याची व्याख्या त्यांनी १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बॉयकॉटविरोधी कायद्यावरून घेतली होती. तो कायदा साहेबाने काढला होता, साहेबाच्या सोयीसाठी. आंबेडकरांनी तो उचलून आपल्या लोकांसाठी फिरवला. ओ'मॅलींनी कपाळावर बोट वाजवून जो शब्द खालून वर जाण्यासाठी घडवला होता, तो पन्नास वर्षांत कायद्याच्या मसुद्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा अमलात यायला २०१७ उजाडलं.

बॉयकॉट पुढे परत मेयोला आला, काही वर्षं तिथेच राहिला. वातावरण निवळलं होतं. १८८६ मध्ये सफक परगण्यात दुसऱ्या एका जमीनदाराचा कारभारी म्हणून गेला. आयर्लंडमध्ये तो अधूनमधून सुट्टीला येत असे, आणि आश्चर्य म्हणजे त्याला कुणी काही केलं नाही. १९ जून १८९७ ला तो वारला. बर्ग सेंट पीटरच्या देवळाला विटांचा अजब मनोरा आहे, खाली रुंद, वर अरुंद होत जाणारा, पायऱ्यापायऱ्यांचा. त्याच आवारात त्याला पुरलं.

पण मला तो आठवतो तो १८८१ च्या वसंतातला. प्रकरणाचा धुरळा बसायच्या आत तो अमेरिकेला गेला होता. जहाजावर नाव सांगितलं, कनिंगहॅम. लहानपणी बापाने आडनावातलं एक अक्षर बदललं होतं, याने सगळं आडनावच घरी ठेवलं. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांना पत्ता लागायचा तो लागलाच.